एकशेऐंशी पौंडी सुभेदार

‘मिलिटरीचा आहे,’ एवढं म्हणून झालं की सुभेदारांच्या लेखी त्या वस्तूबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही. डबा उघडत नाही? मिलिटरीचा आहे, कुणालाही कसा उघडेल? घोंगडी टोचते? मिलिटरीची आहे, टोचणारच. टोचते म्हणून तर जवान जागा राहतो. त्यांच्या बाटलीतल्या पाण्याला अ‍ॅल्युमिनियमची आणि जुन्या बुचाची अशी मिश्र चव येते. तसं म्हणावं तर ते बाटली आपल्या हातातून काढून घेतात, स्वतः एक मोठा घोट पितात आणि ‘आता असलं बनत नाही’ म्हणतात. ते मात्र खरं असावं.

सुभेदार हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ऐन तारुण्यात ते भरतीला गेले होते. छाती 77 सेंटिमीटर हवी आणि फुगवल्यावर 5 सेंटिमीटर वाढायला हवी. यांची न फुगवता बरोबर भरली आणि फुगवल्यावर 4 वाढली. राहिलेला तो एक सेंटिमीटर ते अजून फुगवतायत. तिथून परत आले ते पाटबंधारे खात्याच्या भांडारात कारकून म्हणून चिकटले आणि फावडी, घमेली, ताडपत्र्या, साखळ्या मोजत अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटले. त्या टेबलावरचं मोठं काम म्हणजे निर्लेखन. फावड्याचा दांडा मोडला, घमेल्याला भोक पडलं, की फायलीवर कारण लिहायचं, साहेबाची सही घ्यायची, वस्तू कंडम. सुभेदारांनी ढिगानं वस्तू कंडम केल्या आणि त्यातली एकही खरोखर कंडम आहे यावर त्यांचा विश्वास बसला नाही. ‘दांडा मोडला तर दांडा बदला ना. फावड्यानं काय घोडं मारलंय?’ हे तेव्हा साहेबापुढे बोलता आलं नाही. आता रोज सकाळी गल्लीपुढे बोलतात.

यात थोडा दोष गावाचाही आहे. हिंगोलीत कुणाला पत्ता विचारा, पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार असा छावणीचा नकाशाच ऐकायला मिळतो. निजामाच्या पैशानं आणि इंग्रजांच्या हुकमानं चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचं हे ठाणं होतं. 1903 साली ती फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात विरघळली आणि छावणी उठली. घोडे गेले, तोफा गेल्या, नावं इथंच पडून राहिली. म्हणजे हे गावच मुळात फौजेनं मागे टाकलेला माल आहे, असं माझं मत आहे, आणि सुभेदारांना ते फार आवडलेलं आहे. आता खाकी बघायची तर राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 गावात आहे. त्यांचा ट्रक समोरून आला की सुभेदार स्कूटर कडेला घेतात, एक पाय टेकवतात आणि ट्रकवरची ताडपत्री नीट बांधलीय का ते बघतात. मागचा दोर ढिला असेल तर हातानं खूण करतात. एकदा ड्रायव्हरनं खरंच ट्रक थांबवून दोर आवळला. तो दिवस त्यांच्या बोलण्यात अजून येतो.

लेक पुण्याला दिली, तेही सोयीचंच झालं. लेकीला भेटायला जायचं ते बुधवार किंवा रविवार धरून, कारण जुना बाजार त्याच दोन दिवशी भरतो. तिथं सुभेदारांची चाल बदलते. आधी कापड हातात घेऊन वास घेतात. मग शिवण दोन्ही बाजूंनी धरून ओढतात. मग दोर ओवायच्या पितळी कड्या नखानं खरवडतात, आणि शेवटी चष्मा कपाळावर चढवून बाणाचा शिक्का शोधतात. इंग्रजांच्या काळापासून लष्कराच्या सरकारी मालावर हा छोटासा बाण उमटवत आले आहेत. बाण सापडला की सुभेदारांचा चेहरा असा काही उजळतो की दुकानदार जागच्या जागी भाव वाढवतो. मग वहिनी पुढे होतात. ‘बुरशी लागलीय की हो ह्याला,’ एवढंच म्हणतात, आणि भाव खाली येतो. सुभेदारांना हा अपमान वाटतो, पण ते मध्ये बोलत नाहीत.

अशा रीतीनं घरात आलेला माल म्हणजे मेसटिना, फेल्टचं जाकीट घातलेल्या बाटल्या (फेल्ट भिजवलं की पाणी गार राहतं, हे मात्र मी स्वतः बघितलंय), रबरी वासाच्या ग्राउंडशीटा, पिठ्ठू, एनॅमलचे टवके उडालेले मग, आणि तीन मुठींचा जेरीकॅन. जेरीकॅनला तीन मुठी का असतात हे सुभेदारांनी सांगितलं नाही असा माणूस हिंगोली तालुक्यात शोधून सापडायचा नाही. दोघांना मिळून एक उचलता येतो, एका माणसाला दोन रिकामे एका हातात धरता येतात, शिवाय रांगेत हातोहात पुढे सरकवता येतो. जर्मनांनी बनवला, इंग्रजांनी उचलला आणि नाव ठेवलं शत्रूचं. ‘ह्याला म्हणतात माल. शत्रूलासुद्धा नाकारता आला नाही.’ वहिनी त्यात गोडेतेल ठेवायचं म्हणत होत्या. त्या विषयावर त्या घरात आता कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांची मला फार पटते. बाजारात शंभर पोरं ठिपक्याठिपक्यांच्या मिलिटरी पँटी घालून हिंडतात, पण सुभेदारांच्या अंगावर तसला कपडा तुम्हाला दिसणार नाही. पांढरा शर्ट, राखाडी पँट, पायात साध्या चपला. ‘सामान विकत मिळतं, वर्दी मिळत नाही,’ म्हणतात आणि विषय बदलतात.

आता तंबू.

तंबू एकशेऐंशी पौंडी आहे. नावातच वजन: 180 पौंड, म्हणजे साधारण 82 किलो. सुभेदार स्वतः 56 किलोचे. कोरडा असताना 82. भिजल्यावर किती होतो हे कुणी मोजलेलं नाही, कारण तेव्हा तो काट्यापर्यंत नेणारच कोण? चाळीस पौंडी छोलदारी त्यांना मिळत होती, दोघांना पुरेल अशी, स्कूटरवर जाईल अशी. ती त्यांनी नाकारली. टेंपोतून हा उतरला तेव्हा वहिनींनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, ‘ह्यो आता आपला थोरला.’ तेव्हापासून घरात तंबूला थोरलाच म्हणतात. ‘थोरल्याला ऊन दाखवलं का?’, ‘थोरल्यात डांबरगोळ्या टाका.’ माळ्यावर मावत नाही, दिवाणाखाली जात नाही, म्हणून थोरला पुढच्या खोलीत भिंतीला लागून असतो. वर सतरंजी घातलीय. पाहुणे त्यावरच बसतात आणि काही वेळानं हाताला येणाऱ्या वासाचा विचार करत बसतात.

हा तंबू एकट्याला उभा करता येत नाही. दोघांनाही नाही. मधल्या खांबाला माणूस हवा, चार कोपऱ्यांना चार हवेत आणि मेखा ठोकायला एक. मुक्कामाला कोण येणार हे त्यामुळे नात्यावर किंवा मैत्रीवर ठरत नाही, तंबूवर ठरतं. सुभेदारांचा फोन येतो: ‘सर, रविवारी सिद्धेश्वरला निघायचंय. तुम्ही ईशान्य.’ मी कित्येक वर्षांपासून ईशान्य कोपरा आहे. नैऋत्येला मेडिकलवाले आहेत. वायव्येचे गुरुजी बदली होऊन सेनगावला गेले तेव्हा सुभेदार महिनाभर बेचैन होते.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतात आमचा तळ पडतो. जीपमधून थोरला उतरला की सुभेदार मराठी सोडतात. ‘पकडो! खींचो! अरे ढील दो, ढील दो! सर, ईशान्य सो रहा है क्या?’ ही हिंदी ना दिल्लीची, ना पेन्शनपुऱ्याची. ती फक्त दोर हातात असतानाच येते. आपली जमीन मात्र हिंदी जाणत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला अशा भेगा पडतात की मेख ठोकायला जावं तर ती भेगेतच उतरते, आणि गेली ती गेली. शेजारच्या मुरमात मेख वाकते. पावसाळ्यात तीच काळी माती मेखेला धरून ठेवत नाही. सकाळी उठून बघावं तर कोपरा आडवा आणि मेख चिखलात झोपलेली. सुभेदार प्रत्येक वेळी नव्यानं चकित होतात. मग मेखचू खांद्यावर टाकून आजूबाजूला दगड शोधत हिंडतात, कारण दोर शेवटी दगडालाच बांधायचे असतात.

दोनअडीच तासांनी तंबू उभा राहतो. चौदा फूट लांब, चौदा फूट रुंद, आत गार अंधार, आणि तो वास. आम्ही सगळे आत आडवे होतो. सुभेदार कधीच आत येत नाहीत. ते बाहेर फिरतात, हा दोर वाजवून बघतात, तो थोडा आवळतात, लांब जाऊन डोळे बारीक करून कणा सरळ आहे का पाहतात. ते असे फिरू लागले की आपण चहाचं विचारायचं नसतं.

एकदा पुण्याहून जावईबापू आले, सोबत स्वतःचा नायलॉनचा तंबू घेऊन. पिशवीतून काढला, हवेत भिरकावला, दोन मिनिटांत तयार. सुभेदारांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. पण गंमत त्यानंतर झाली. आमचं गाडणं चालू असेपर्यंत त्या जावईबापूंना करायला काहीच उरलं नाही. मोबाईलला रेंज नव्हती. अर्ध्या तासानं ते आपणहून उठले आणि आग्नेय कोपऱ्याला येऊन उभे राहिले. रात्री पाऊस आला तेव्हा तर सासऱ्यांच्याच तंबूत झोपायला आले.

तंबूत शिरण्याआधी सुभेदारांनी त्यांना नियम सांगितला: ‘जावईबापू, छताला बोट लावायचं न्हाई.’ सुती कापडाचं तसंच असतं. पाणी लागलं की धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि वरचं पाणी वरच्या वर ओघळून जातं. पण आतून कुठं स्पर्श झाला की नेमक्या त्या ठिकाणाहून पाणी आत झिरपायला लागतं. जावईबापू उंच आहेत. उठताना डोकं लागलं. त्यानंतर पहाटेपर्यंत बरोबर त्यांच्या उशीवर थेंब पडत राहिला. मध्यरात्री दुसरा प्रकार. सुती दोर भिजले की आखडतात आणि मेखा उपटून काढतात, म्हणून पावसात ते ढिले करावे लागतात. सुभेदारांनी टॉर्च मारून सगळ्यांना उठवलं. ‘अपना अपना कोना!’ पुण्यात मोठ्या पगारावर असलेला तो माणूस बनियनवर, चिखलात, आग्नेय दिशेचा दोर हातात धरून उभा. सकाळी त्यानं सासऱ्यांना विचारलं, ‘बाबा, पुढच्या वेळी कधी?’ सुभेदारांनी हे वाक्य मला चार वेळा सांगितलंय. दर वेळी थोडं मोठं होतं.

ओला तंबू तसाच गुंडाळला तर सडतो, म्हणून परतल्यावर थोरला गल्लीत वाळत पडतो. दोन दिवस वाहनं वळसा घालून जातात. त्याच्या उत्तरेच्या बाजूला एक मोठा पिवळा डाग आहे. मार्चमधली गोष्ट: शिजवलेली हळद रानात वाळत पडलेली, तशात दुपारी अवकाळीचं आभाळ भरून आलं. वहिनींच्या भावाचा वसमतकडून फोन आला, ताडपत्र्या कमी पडतायत. सुभेदार तंबू घेऊन टेंपोतून निघाले. हळद वाचली. कापड परत आलं ते पिवळं होऊन. तीन वेळा धुतलं, हटलं नाही. मेव्हण्यानं भरपाई म्हणून हळदीचं पोतं पाठवलं. ‘मिलिटरीच्या मालाची भरपाई हळदीत?’ असं म्हणून सुभेदारांनी ते ठेवून घेतलं.

त्यांची फजिती व्हायची ती आषाढीच्या आधी. नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी हिंगोलीत येते, तेव्हा सुभेदार दिंडीच्या ट्रकाजवळ जाऊन उभे राहतात. राहुट्या कशा गाडायच्या हे वारकऱ्यांना दाखवावं, हा शुद्ध हेतू. एका वर्षी त्यांनी तोंड उघडायच्या आत नऊवारीतल्या एका मावशीनं पदर खोचला, दगडानं दोन मेखा मारल्या, दोर फिरवून गाठ घातली आणि म्हणाली, ‘सरका की दादा, सावली अडवू लागलाव.’ ती गाठ त्यांनी नंतर वाकून बघितली. घरी येऊन दोरीच्या तुकड्यावर दोन दिवस करून पाहिली. आता तीच वापरतात आणि आम्हाला ती लष्करी गाठ म्हणून शिकवतात.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मेखा मोजता मोजता. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. इकडून भाकरीचे टेंपो निघाले, त्यातल्या एकात हे होते. भाकरी उतरवून झाल्यावर काय करावं ते सुचेना. लष्कराचे जवान तंबू ठोकत होते. एकानं यांच्या हातात दोर दिला. ‘पकड के रख, छोडना मत,’ म्हणाला आणि पुढच्या तंबूकडे गेला. हे धरून उभे राहिले. तंबू पक्का झाला, आत एक म्हातारी आणि दोन पोरं येऊन बसली, तरी हे धरून होते. सोड म्हणून सांगायला तो जवान परत आलाच नाही. ‘मग किती वेळ धरलात?’ मी विचारलं. ‘बावीस मेखा आहेत, दोन कमी पडतात,’ सुभेदार म्हणाले.

आपल्या जिल्ह्याची जमीनही अधूनमधून बोलते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येतात, भांडी थरथरतात, लोक अंगणात येऊन बसतात. बाकीच्यांना त्याची धास्ती. सुभेदारांना मात्र त्या बातमीनं तयारी सुचायची. ‘थोरल्याला ऊन दाखवून ठेवलेलं बरं.’ आम्ही हसायचो.

21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी धक्का बसला. रिश्टरवर 4.5. सगळी गल्ली चादरींसकट बाहेर. अकरा मिनिटांनी दुसरा, 3.6 चा. तो जेमतेम ओसरतोय तोवर दारातून आवाज आला: ‘सर, ईशान्य!’

आयुष्यात पहिल्यांदा तो तंबू पाऊण तासात उभा राहिला. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर. त्या दिवशी कोपऱ्याला चार नाही, चौदा माणसं होती. सुभेदार हिंदीत एक शब्द बोलले नाहीत. ‘हळू घ्या. तुम्ही ह्यो धरा, काकू. सोडू नका.’ रात्री घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. बायका-पोरं तंबूत, म्हातारी माणसं मधल्या खांबापाशी. वहिनींनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला आणि एनॅमलचे टवके उडालेले मग पहिल्यांदा पूर्ण वापरात आले. कुणी चवीबद्दल बोललं नाही. सुभेदारांनी जुन्या वहीत ड्यूट्या लावल्या, दोन-दोन तासांच्या, आणि सगळ्या स्वतःच केल्या, कारण दुसऱ्याला उठवायला जीव होईना. आत बायका भेंड्या खेळत होत्या. मेडिकलवाल्यांची आई दर तासाला कनातीतून डोकं बाहेर काढून विचारायची, ‘सुभेदार, पुढचा कधी?’ हे घड्याळ बघून म्हणायचे, ‘अजून कळवलं न्हाई.’

पुढचा आला नाही. दुसऱ्या रात्री निम्मी माणसं घरी गेली, तिसऱ्या रात्री पोरंच उरली. धुळवडीला पिवळ्या डागाशेजारी गुलाबी पंजे उमटले. सुभेदारांनी तंबू पाडव्यापर्यंत ठेवला. धक्का कुणाला विचारून येत नाही, असं कारण होतं. वहिनी म्हणाल्या, ‘काऊन हो, आता काय गुढी पण तिथंच उभारायची?’ तेव्हा उतरवला. इतक्या दिवसांच्या उन्हानं कण्याची शिवण मात्र उसवली. आमच्या शिंप्याच्या मशीनची सुई त्या कापडात जात नाही, म्हणून थोरला जुलैत मंडपवाल्याकडे शिवायला गेला.

आणि 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुन्हा 4.5. गल्ली पुन्हा बाहेर. सगळ्यांचे डोळे सुभेदारांच्या दाराकडे. ते बनियनवरच बाहेर आले, सतरंजीखालची रिकामी जागा आठवून जागीच थांबले, आणि काही न बोलता स्कूटरला किक मारून निघाले. मी मागे बसलो. ईशान्य कोपऱ्यानं घरी बसणं बरं दिसलं नसतं.

मंडपवाल्याच्या गोदामासमोर थोरला उभा होता. शिवण अर्धी झालेली, मधल्या खांबाऐवजी बांबू, सुती दोरांऐवजी हिरव्या नायलॉनच्या दोऱ्या, आणि आत मंडपवाल्याचं सगळं घर, शेजारची दोन घरं, एक शेळी. मंडपवाला ओशाळला. ‘सुभेदार, तुमचं विचारलं न्हाई…’ सुभेदारांनी तंबूभोवती एक फेरी मारली. एक दोर सोडला, मावशीची गाठ घातली. दुसरा सोडला. तासभर ते सगळ्या गाठी नव्यानं घालत होते आणि मी ईशान्येला नायलॉन धरून उभा होतो. नायलॉन हाताला फार कापतं.

घरी आलो तेव्हा वहिनी पायरीवर बसल्या होत्या.

‘थोरला कुठाय?’

‘ड्यूटीवर,’ सुभेदार म्हणाले आणि नाश्त्याला काय आहे ते विचारायला लागले.